डेमोला आलेलं फेको मशीन: पाण्याचा हिशेब स्वतः कसा लावायचा

फेको मशीन, म्हणजे अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू फोडून ओढून घेणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की दोन-तीन कंपन्यांची माणसं डेमोसाठी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) हजर होतात. प्रत्येकाच्या माहितीपत्रकावर व्हॅक्यूमचा आकडा ठळक छापलेला असतो. कुणाचा ५००, कुणाचा ६००, कुणाचा ६५० मिमी पारा. नवा डॉक्टर किंवा ओटी सांभाळणारा टेक्निशियन साहजिकच मोठ्या आकड्याकडे झुकतो. पण तो आकडा मशीन किती जोरात ओढू शकतं एवढंच सांगतो. ओढता ओढता डोळ्याचा पुढचा पाण्यानं भरलेला कप्पा, म्हणजे चेंबर, भरलेला राहतो की बसतो, हे तो सांगत नाही, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये भिंगाच्या पाठीमागची पातळ पिशवी (कॅप्सूल) फाटते की वाचते हे बरंचसं त्यावरच ठरतं.

म्हणून दोन मशीनची तुलना करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: डोळ्यात सारखाच दाब असताना, चेंबर न बसता, कोणतं मशीन जास्त व्हॅक्यूम पेलतं? याचं उत्तर कंपनीच्या स्लाइडवर नसतं. ते ओटीच्या टेबलावर, दुपारच्या रिकाम्या वेळात, साध्या साहित्यानं काढता येतं. रुग्णाला यात कुठेही हात लावायचा नाही.

मराठवाड्यात या प्रश्नाला जास्तच धार आहे. आपल्याकडे मोतीबिंदू पिकून, तपकिरी-काळा होऊन येणारे रुग्ण अजून बरेच आहेत. बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात ते उन्हाळा लागताना परततात. तोवर डोळ्याचं दुखणं मागं पडतं. असा कडक न्यूक्लिअस (मोतीबिंदूचा गाभा) धरून ठेवायला व्हॅक्यूम जास्त लागतं, आणि व्हॅक्यूम जास्त म्हणजे चेंबर बसण्याचा धोका जास्त.

आधी पाण्याची वाट

चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फेको सुरू केलं, ते दंतवैद्याचं दात साफ करायचं अल्ट्रासाउंड यंत्र पाहून. त्यामुळे असेल कदाचित, पण आजही चर्चा सगळी अल्ट्रासाउंडची होते आणि पाणी मागे राहतं.

पाणी बाटलीतून निघतं, नळीतून सर्जनच्या हातातल्या दांड्याला, म्हणजे हँडपीसला येतं, त्याच्या टोकाच्या पोकळ सुईभोवतीच्या (टिपभोवतीच्या) सिलिकॉनच्या स्लीव्हमधून, म्हणजे आवरणातून, चेंबरमध्ये पडतं. टिपच्या पोकळीतून, ऍस्पिरेशनच्या (ओढून घेणाऱ्या) नळीतून, मशीनमध्ये बसवलेल्या कॅसेटमार्गे पिशवीत जातं. तिसरी वाट चीरेतून होणाऱ्या गळतीची. डोळ्याच्या पुढच्या चेंबरमध्ये पाणी मावतं ते जेमतेम पाव मिली, म्हणजे पाचेक थेंब. मिनिटाला ३० मिली ओढत असाल तर सेकंदाला अर्धा मिली झाला; म्हणजे अख्खा चेंबर सेकंदात दोनदा रिकामा होऊन भरतो. या हिशेबात थेंब-दीड थेंबाची तूटसुद्धा मोठी.

ओढणारे पंप मुख्यतः दोन प्रकारचे. पेरिस्टाल्टिक पंपात रोलर नळी दाबत फिरतात. इथे तुम्ही प्रवाह ठरवता (मिनिटाला किती मिली) आणि व्हॅक्यूमची फक्त कमाल मर्यादा ठरवता. टिपला तुकडा चिकटून तोंड बंद झालं तरच व्हॅक्यूम त्या मर्यादेपर्यंत चढतं. व्हेंचुरी पंपात दाबाखालच्या हवेच्या झोतानं कॅसेटमध्ये व्हॅक्यूम तयार होतं. तिथे तुम्ही व्हॅक्यूम ठरवता आणि ते टिप उघडी असतानाही असतंच. प्रवाह किती होईल ते टिप आणि नळीच्या जाडीवर सोडलेलं. म्हणजे पेरिस्टाल्टिकवरचे ३०० आणि व्हेंचुरीवरचे ३०० हे एकच नव्हेत. एका मशीनवरून दुसऱ्यावर जाताना जुने आकडे तसेच लावणं हे नवख्याच्या हातून होणारं सर्वांत धोक्याचं काम.

सर्ज म्हणजे काय तेही इथेच समजून घ्या. टिप बंद असताना नळीच्या भिंती व्हॅक्यूमनं आत ओढल्या जातात, नळीतले बुडबुडे फुगतात. तुकडा सुटला की हे सगळं एकदम पूर्ववत होतं आणि डोळ्यातलं पाणी हिसक्यानं ओढून घेतं. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर अचानक सोडल्यावर इकडची रांग मागे कोसळते, तसंच. बाटलीतून पाणी येईपर्यंत क्षणभर चेंबर बसतो आणि कॅप्सूल टिपकडे उसळते.

पायरी १: साहित्य आणि अटी

मीटर टेप, १०० मिलीचा मोजपात्राचा सिलिंडर, दोन आर्टरी फोर्सेप्स, डोळ्याच्या जागी हँडपीसवर चढवायचे, मशीनसोबत येणारे रबरी टेस्ट चेंबर, आयव्ही सेटची लांब पारदर्शक नळी, स्टॉपवॉच आणि स्लो मोशन चित्रण करणारा मोबाइल. एक वही. बस्स.

अटी मात्र काटेकोर पाळा. दोन्ही मशीनला द्रव एकच: आरएल (रिंगर लॅक्टेट) तर दोन्हीकडे आरएल, बीएसएस (बॅलन्स्ड सॉल्ट सोल्यूशन) तर दोन्हीकडे बीएसएस. टिपचा गेज (जाडी) आणि स्लीव्ह एकाच मापाच्या चीरेसाठीचे. एकाची टिप दुसऱ्याच्या हँडपीसला बसेलच असं नाही, बळजबरी करू नका. माप सारखं असलं की झालं. इथे कंजूसपणा चालत नाही, कारण नळीचा आतला व्यास १० टक्क्यांनी कमी झाला तर तेवढ्याच दाबाला प्रवाह साधारण एक-तृतीयांशानं घटतो. डेमोला जाड टिप लावून आलेलं मशीन जोरकस वाटणारच.

खोलीचं तापमानही सारखं हवं. मे महिन्यात परभणीला एसी बंद पडला आणि बाटल्या ३५ अंशांवर गेल्या, तर पाणी २० अंशांच्या मानानं चांगलंच पातळ होतं; पाण्याची विस्कॉसिटी जवळपास पाव हिश्शानं उतरते आणि प्रवाह वाढतो. एक मशीन सकाळी एसीत आणि दुसरं दुपारी गरम खोलीत तपासलं, तर फरक मशीनचा की उन्हाळ्याचा हे कळणार नाही.

आणि एक. नळ्यांचे सेट तुम्ही प्रत्यक्षात जसे वापरणार आहात, तसेच तपासा. ऑटोक्लेव्ह करून पुन्हा वापरण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. योग्य-अयोग्य हा वाद इथे नको, पण वापरलेली नळी मऊ पडते आणि मऊ नळी सर्ज वाढवते. कंपनीचा माणूस कोरा सेट लावून दाखवतो. तुमचा रोजचा सेट वेगळा असेल तर तोही लावायला सांगा. तो नाराज झाला तर होऊ द्या.

पायरी २: बाटलीची खरी उंची

स्टँडवर किंवा स्क्रीनवर ८० लिहिलेलं असतं ते कशापासून ८०, हे प्रत्येक मशीनचं वेगळं असू शकतं. कुठे कॅसेटच्या पातळीपासून, कुठे ठरवून दिलेल्या डोळ्याच्या पातळीपासून. तुमच्या टेबलाची उंची त्यात धरलेली नसेल तर आकडा निरर्थक. म्हणून टेप लावा: बाटलीखालच्या थेंब पडणाऱ्या ड्रिप चेंबरमधल्या पाण्याच्या पातळीपासून, टेबलावर रुग्णाचा डोळा जिथे येईल तिथपर्यंत. पाण्याची १.३६ सेंमी उंची म्हणजे १ मिमी पारा. म्हणजे ६० सेंमीला ४४, ८० ला ५९, १०० ला ७३ ते ७४ मिमी दाब पडतो. हा दाब पाणी थांबलेलं असतानाचा.

बाटली काचेची किंवा टणक प्लॅस्टिकची असेल तर हवेची वाट उघडी आहे ना पाहा. हवेचा फिल्टर ओला झाला की बाटलीत ओढ तयार होते, पाणी मंदावतं आणि दोष मशीनला लागतो. हे इतकं साधं कारण असतं की कुणी बघतच नाही.

पायरी ३: येणारं पाणी

फूटपेडल पहिल्या (फक्त पाणी सोडणाऱ्या) टप्प्यावर ठेवा आणि स्लीव्हमधून पडणारं पाणी मिनिटभर सिलिंडरमध्ये धरा. ६०, ८० आणि १०० सेंमीला. प्रत्येक आकडा दोनदा घ्या. येणारं पाणी तुम्ही ओढणार असलेल्या प्रवाहापेक्षा बरंच जास्त असलं पाहिजे, कारण डोळ्यात घट्ट चीरेत स्लीव्ह दबते आणि हवेत जेवढं पडतं तेवढं आत पडत नाही.

यापुढची चाचणी थोडी खटपटीची आहे, पण सगळ्या लेखात मला तीच सर्वांत मोलाची वाटते. टाकून द्यायच्या जुन्या टेस्ट चेंबरला बारीक भोक पाडून त्यात २० गेजचा कॅन्युला (बारीक पोकळ नळी) घट्ट बसवा, बाजूनं सिलिकॉन लावून गळती बंद करा. कॅन्युलाला पारदर्शक नळी जोडून ती मीटर टेपशेजारी उभी बांधा; वरचं टोक उघडं आणि बाटलीपेक्षा उंच. आता हँडपीसवर हा चेंबर चढवून पाणी सोडलं की नळीतलं पाणी ड्रिप चेंबरच्या पातळीइतकं चढून थांबेल. ऍस्पिरेशन सुरू करा, प्रवाह ३०. पातळी उतरेल आणि नव्या जागी स्थिरावेल. समजा बाटली ८० ला आहे आणि पातळी ६२ वर थांबली. म्हणजे १८ सेंमी वाटेतच, नळी आणि स्लीव्हच्या अडथळ्यात गेले आणि डोळ्यातला चालू दाब ५९ नसून सुमारे ४६ मिमी आहे.

आता दुसऱ्या मशीनवर बाटली वर-खाली करून पातळी ६२ वरच आणा. त्यासाठी ९५ सेंमी लागले तर लागू द्या. या घटकेला दोन्ही मशीनवर 'डोळ्यातला' दाब खरोखर सारखा झाला, आणि इथून पुढची तुलना न्याय्य झाली. बाटलीच्या उंचीचे आकडे जुळवून केलेली तुलना तशी नसते.

पायरी ४: जाणारं पाणी

येणारी नळी फोर्सेप्सनं बंद करा. टेबलाच्या पातळीवर ठेवलेल्या भरल्या सिलिंडरमध्ये टिप बुडवून मिनिटभर ओढू द्या आणि किती कमी झालं ते पाहा. पेरिस्टाल्टिकवर २०, ३०, ४० लावून तपासा. झिजलेले रोलर किंवा थकलेली नळी असेल तर खरा प्रवाह लावलेल्यापेक्षा कमी भरतो. व्हेंचुरीवर प्रवाह लावताच येत नाही, म्हणून १००, २००, ३०० आणि ४०० व्हॅक्यूमला किती ओढलं याचा तक्ता करा. कोणत्या व्हॅक्यूमला ३० मिली येतं ते त्यात सापडेल. पेरिस्टाल्टिकच्या प्रवाहाशी जुळणारा व्हेंचुरीचा आकडा तो. हा कागद ओटीच्या भिंतीवर लावून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

पायरी ५: व्हॅक्यूम चढायला लागणारा वेळ

ऍस्पिरेशनची नळी हँडपीसजवळ दाबा, कॅसेटजवळ नको. कमाल आकडा गाठायला किती सेकंद लागले ते मोजा. पेरिस्टाल्टिकवर प्रवाह दुप्पट केला की हा वेळ साधारण निम्मा होतो. व्हेंचुरीवर तो असाही कमीच. चढायला वेळ लागणं हा दोषच असं मात्र समजू नका. शिकाऊ हाताला तो वेळ वरदान असतो. आयरिस (डोळ्यातला रंगीत पडदा) किंवा कॅप्सूल टिपला लागली तर पेडल सोडायला सवड मिळते. नळी दाबलेली असतानाच आकडा स्थिर राहतो की हळूहळू घसरतो तेही बघा. घसरत असेल तर कुठेतरी हवा शिरते आहे.

माहितीपत्रकावरच्या ६५० ची एक गंमत सांगतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी असतो, पण छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे तो ७१० च्या आसपास. म्हणजे व्हॅक्यूमला मुळातच ५० मिमी वाव कमी. रोजच्या ३००-४०० ला काही फरक पडत नाही, पण चेन्नई-मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणारा कमाल आकडा इथे गाठताना एखादं मशीन धापा टाकू शकतं.

पायरी ६: सर्ज

उभ्या नळीचा चेंबर काढून ठेवा. त्या नळीत साठलेलं पाणी सर्जच्या वेळी मदतीला धावतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो. साधा, धड टेस्ट चेंबर लावा, पायरी ३ मध्ये ठरलेली बाटलीची उंची ठेवा, प्रवाह ३०.

व्हॅक्यूम २०० पासून सुरू करा. ऍस्पिरेशनची नळी हँडपीसजवळ फोर्सेप्सनं दाबा, मशीन बंद तोंडाचा आवाज देईपर्यंत थांबा, मग फोर्सेप्स झटक्यात सोडा. मोबाइल स्लो मोशनवर, चेंबर बाजूनं आणि जवळून दिसेल असा. भिंत किंचित थरथरली तर चालेल. आत खोलगट पडली की तो आकडा लिहा. ५०-५० नं वाढवत जा. प्रत्येक आकड्याला निदान तीनदा सोडून पाहा, कारण फोर्सेप्स सोडायचा हात दर वेळी सारखा चालत नाही. डोळ्यानं न दिसलेला खळगा चित्रणात हमखास दिसतो.

भिंत आत जाण्याआधीचा शेवटचा आकडा, हेच त्या मशीनचं त्या दाबाला मिळालेलं उत्तर. एकाचा ३५० आला आणि दुसऱ्याचा ५०० आला, तर कागदावर कुणाचं ६५० छापलंय याला फार अर्थ उरत नाही.

चाचणीआधी नळीतला शेवटचा बुडबुडाही काढा. हे का, तर हिशेब बघा. ७१० मिमी हवेच्या दाबाच्या गावात ४०० व्हॅक्यूम लावलं की आत उरतात ३१०. म्हणजे बुडबुडा सव्वादोन पटींहून जास्त फुगतो. एका थेंबाएवढा, ०.०५ मिलीचा बुडबुडा ०.११ च्या पुढे जातो. तोंड सुटल्यावर ही ०.०६ मिलीची तफावत डोळ्यातून भरून निघते, म्हणजे चेंबरचा जवळपास चौथा हिस्सा. अनेकदा मशीन 'अचानक बिघडलं' म्हणून फोन जातो, आणि प्राइमिंग (नळ्यांत पाणी भरून हवा काढणं) घाईत उरकलेलं असतं.

नव्या पद्धतीची मशीन आली तर

२०१३ मध्ये आलेल्या अल्कॉनच्या सेंच्युरियनमध्ये बाटली वर-खाली होत नाही. द्रवाची पिशवी दोन पट्ट्यांमध्ये दाबून मशीन ठरवलेला दाब राखायचा प्रयत्न करतं. स्क्रीनवर सेंमीऐवजी मिमी पारा येतो. तिथे ५५ म्हणजे बाटलीचे साधारण ७५ सेंमी एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. त्याच्या ऍक्टिव्ह सेंट्री हँडपीसमध्ये दाब मोजणारा सेन्सर थेट हातात येतो, त्यामुळे दाबातला बदल मशीनला लवकर कळतो. व्हाइटस्टार सिग्नेचर या मशीनमध्ये दोन्ही प्रकारचे पंप आहेत, स्टेलारिस हे मुख्यतः व्हॅक्यूमवर चालणारं मशीन. पायऱ्या मात्र याच. उलट अशा मशीनची परीक्षा पायरी ३ मध्ये खरी होते: प्रवाह २० वरून ४० केला तर उभ्या नळीतली पातळी किती हलते? जिथे बाटलीचं मशीन पातळी सोडतं तिथे यानं ती धरून ठेवायला हवी. धरत नसेल तर जास्तीचे पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न तोंडावर विचारा.

चेन्नईच्या अप्पासामीसारख्या भारतीय कंपन्यांची मशीन आपल्याकडच्या अनेक लहान रुग्णालयांत दिसतात. त्यांना नाव ठेवून किंवा परदेशी म्हणून डोक्यावर घेऊन चाचणी करू नका. आकडे येऊ द्या.

टेबलाबाहेरचे प्रश्न

व्हेंचुरी असेल तर हवा कुठून येणार? काही मशीनमध्ये कॉम्प्रेसर आतच असतो, काहींना बाहेरचा कॉम्प्रेसर किंवा नायट्रोजनचा सिलिंडर लागतो. शिबिराच्या दिवशी ओळीनं केसेस चालू असताना सिलिंडर संपत आला की व्हॅक्यूम ढिलं पडतं. डेमोत हे दिसत नाही, म्हणून सलग तासभर चालवून शेवटी पायरी ४ पुन्हा करा.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर पंप कसा वागतो तेही डेमोतच पाहा: मुद्दाम मेन बंद करा. नळी दाबून व्हॅक्यूम ४०० वर असताना वीज तोडली तर मशीन व्हॅक्यूम सोडून देतं की अडकवून ठेवतं, हे माहीत असलेलं बरं.

बोअरचं पाणी आपल्याकडे जड. हँडपीस आणि टिप त्या पाण्यानं धुतल्या की आत क्षार बसतात, वाट अरुंद होते आणि पायरी १ मधला व्यासाचा हिशेब इथे उलटा अंगावर येतो. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनंच. सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो हेही लेखी घ्या. नांदेडला हैदराबादहून माणूस लवकर पोचत असेल तर पुण्याच्या कार्यालयाचा पत्ता काही कामाचा नाही.

टेबलावरून डोळ्याकडे

रबरी चेंबरला चीर नसते, गळती नसते, आयरिसही नसतो. म्हणून टेबलावर मिळालेला आकडा जसाच्या तसा रुग्णावर लावायचा नसतो. ५०० पेललेल्या मशीनवरही सुरुवात अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली, मध्यम मोतीबिंदूवर, त्याहून बऱ्याच खालच्या व्हॅक्यूमला करा. तपकिरी न्यूक्लिअस आला तर शेवटच्या तुकड्याला व्हॅक्यूम आणि प्रवाह दोन्ही उतरवा, कारण तेव्हा कॅप्सूलला आडोसा उरलेला नसतो. मोठ्या मायनस नंबरच्या किंवा आधी व्हिट्रेक्टमी (डोळ्याच्या मागच्या भागातला जेलीसारखा पदार्थ काढण्याचं ऑपरेशन) झालेल्या डोळ्यात बाटली लावतानाच खाली ठेवा. पाणी आत सोडताच चेंबर एकदम खोल गेला तर आयरिस टिपच्या किंवा दुसऱ्या उपकरणाच्या टोकानं हलकेच उचलून पाण्याला मागे-पुढे वाट करून द्या.

वहीतली पानं मशीन घेतल्यावर फेकू नका. नळीच्या सेटची कंपनी बदलली, पंपाची दुरुस्ती झाली किंवा सर्जनना चेंबर 'नेहमीसारखा नाही' असं वाटलं, की पायरी ३ आणि ६ पुन्हा करा आणि पहिल्या दिवसाच्या आकड्यांशी लावून पाहा. इंजिनिअरला फोन करताना "मशीन नीट चालत नाही" असं म्हणण्यापेक्षा "६२ सेंमीला आधी ४५० पेलायचं, आता ३०० ला बसतंय" असं सांगा. तो योग्य तो सुटा भाग सोबत घेऊन येईल.